योग्य त्या आदेशासाठी सादर

आमच्या कार्यशाळेत सरकारी ट्रक आणि बसगाड्या दुरुस्तीला येतात. तिथे सुट्या भागांचं भांडार आहे आणि त्या भांडाराला एक खिडकी आहे. छातीइतक्या उंचीची, खाली लाकडी फळी, ती कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेली. त्या खिडकीमागे एक माणूस एकवीस वर्षं बसला. सगळी कार्यशाळा त्यांना आबा म्हणायची. ते नोकरीत असेपर्यंत मी त्यांना कधी आबा म्हटलं नाही. मी 'स्टोअरकीपर' म्हणायचो.

आबांचं मागणं एकच होतं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्याच खिडकीमागे बसायचं. त्याला दोन वर्षं दोन महिने कमी पडले, आणि ते माझ्यामुळे कमी पडले. हे कसं झालं ते क्रमाने सांगतो. क्रम सोडून सांगणं मला जमत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभी नोकरी मुख्य कार्यालयात काढली आणि शेवटची काही वर्षं राहिली असताना प्रशासन अधिकारी म्हणून इथे आलो. माझं टेबल संध्याकाळी रिकामं असतं. आलेल्या कागदावर त्याच दिवशी शेरा पडतो. कोणी बोलायला आलं की मी वहीत मुद्दे लिहून घेतो, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' हा प्रकार होत नाही. माझी बायको म्हणते, "अहो, तुमच्याशी दोन शब्द बोलायचे म्हणजे आधी अर्ज करावा लागतो, तोही दोन प्रतींत." ती चेष्टेने म्हणते अशी माझी समजूत होती.

माझी खोली भांडाराच्या पलीकडे, मध्ये फक्त एक पार्टिशन. त्यामुळे खिडकीवरचं सगळं मला ऐकू यायचं, आणि तिथे काय काय चालायचं! फिटरला एखादा भाग हवा असला की तो मागणीचिठ्ठी लिहून आणतो, ती खिडकीत देतो, भाग घेतो आणि जातो. कामाची पद्धत एवढीच आहे, अर्ध्या मिनिटाची. पण आमच्या खिडकीवर प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव सांगायचा, मग चिठ्ठी मोठ्याने वाचायचा, मग गप्पा.

"आबा, मी तोफ. तीन नंबरची गाडी. क्लच प्लेट एक, मोठी." हा एक फिटर, आवाजावरून तोफ नाव पडलेला.

"हळू बोल रे, रॅकवरचं सामान खाली येईल. परवाच नेलीस ना एक? खातोस काय क्लच प्लेटा?"

"खातो ड्रायव्हर, आबा. मी आपला वाढपी."

मग आबा उठून जात आणि हव्या त्या रॅकमधून हवी ती वस्तू घेऊन येत. बेअरिंग असलं तर बोटाने फिरवून कानाशी धरत. "हे नको नेऊस, कुरकुरतंय. दुसरं देतो." वस्तू दिली की फिटरला सांगत, "आत ये आणि कार्डावर लिही." प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर आलं किती, गेलं किती, उरलं किती हे लिहायचं असतं. आबा ते फिटरलाच लिहायला लावत, नाहीतर भांडारात मदतनीस असलेल्या ताई लिहीत.

कुणाची भांडणंही त्या खिडकीवर मिटायची. दोन वेल्डर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आबा दोघांचंही सामान मुद्दाम एकाच डब्यात घालून देत. डबा परत आणायला दोघांना मिळून यावं लागे. "दोन लोखंडांच्या मध्ये वायसर नसला की दोन्ही झिजतात," म्हणायचे. त्यावरून मागे लोक त्यांना वायसरआबा म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं.

मला हे सगळं गैरशिस्त वाटे. शिवाय माझ्या आबांविषयी दोन खासगी तक्रारी होत्या. एक म्हणजे, मी भांडारात गेलो तर ते उठत नसत की नमस्कार करत नसत. तोफ आला तर हसून स्वागत, आणि मी समोर उभा राहिलो तरी शून्य. दुसरी म्हणजे, माझ्याशी बोलताना ते माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. कोणी आपल्या कानाकडे बघून बोलायला लागलं की माणसाला कसं वाटतं ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. मी हा उद्धटपणा समजलो. विचारलं मात्र नाही. विचारणं कमीपणाचं वाटलं.

वार्षिक साठा-तपासणीत मी कार्डं पाहिली. एकेका कार्डावर सात-सात हस्ताक्षरं! साठा मात्र बरोबर होता. अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत बरोबर. ही गोष्ट मी तपासणीच्या अहवालात एका ओळीत लिहिली आणि हस्ताक्षरांची गोष्ट दीड पानात.

मग सूचना काढली. खिडकीवर बोलणं बंद. चिठ्ठ्या बाहेरच्या पेटीत टाकाव्यात. स्टोअरकीपरने अकरा वाजता आणि तीन वाजता पेटी उघडून क्रमाने सामान काढून ठेवावं. कार्डावर फक्त स्टोअरकीपरने लिहावं. ताईंची बदली आवक विभागात, कारण खिडकीचं काम एका माणसाचं आहे.

ताई आदेश घेऊन माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आजच जाऊ?"

"आदेशावर तारीख आहे."

"हो, ती वाचली मी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे आमचे फोरमन, कार्यशाळेतले सर्वांत जुने. हात पुसत दारातच थांबले.

"साहेब, खिडकी आहे तशी राहू द्या."

"बसा. कारण काय?" मी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कारण असं काही नाही. बरं चाललंय म्हणून म्हटलं."

"बरं चाललंय हे कारण नाही, मिस्त्री. आणखी चांगलं चालेल."

"बरोबर आहे," म्हणाले आणि बसल्यासारखं करून उठले. मी वहीत लिहिलं: फोरमन भेटले, विशेष मुद्दा नाही.

सूचना लागू झाली आणि पार्टिशनपलीकडे शांतता पसरली. पहिले दोन दिवस मला ती फार आवडली. तिसऱ्या दिवसापासून सामानाला उशीर होऊ लागला. अकराची पेटी एक वाजेपर्यंत चालायची. एकदा मी मागच्या आवारात गेलो तर आबा उन्हात उभे होते, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, डोळ्याला भिंग लावलेलं आणि मान तिरकी. मला वाटलं, वेळ काढताहेत. मागचं दार कामाच्या वेळेत बंद ठेवण्याची तोंडी सूचना दिली. माझ्या कारकिर्दीतली ही एकमेव तोंडी सूचना असेल.

दुसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. दुसऱ्या कार्यशाळेतून तात्पुरता आलेला एक फिटर होता. त्याने ब्रेकचे लायनर मागितले. आमच्याकडे दोन प्रकारच्या गाड्यांचे लायनर असतात, दिसायला जवळजवळ सारखे, फरक रुंदीत. जुन्या फिटरांना हातात घेताच कळलं असतं. चुकीचं आलेलं सामान ते त्या दोन आठवड्यांत गुपचूप बदलून घेत होते, हे मला नंतर कळलं. या फिटरने पाकिटावर विश्वास ठेवला आणि लायनर बसवले. चाचणीत ब्रेक पुरता धरला नाही आणि ट्रक आवारातल्या धुलाईच्या भिंतीवर जाऊन टेकला. कुणाला काही झालं नाही. भिंतीच्या चार विटा पडल्या आणि एक दिवा फुटला.

मी आबांना बोलावलं. फिटरची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"वाचा."

त्यांनी चिठ्ठी घेतली. समोर धरली, मग बाजूला धरली, मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्या आठवड्यात सगळे ज्या गाडीचं सामान मागत होते तिचं नाव त्यांनी सांगितलं. चिठ्ठीत दुसऱ्या गाडीचं नाव होतं.

मी चिठ्ठी परत घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली साहेब. डोळ्याच्या पडद्याचं आहे. कडेचं सगळं दिसतं, मधलंच जातं. तुमच्या तोंडाकडे बघितलं की तुमचं तोंड जातं आणि कान दिसतो." ते थोडं हसले. "म्हणून कानाकडे बघतो. तेवढा तरी माणूस हाती लागतो."

मग त्यांनी भराभर सांगितलं, पुन्हा वेळ मिळणार नाही अशा घाईने. मिस्त्रींना पहिल्यांदा कळलं. मिस्त्रींनी सगळ्यांना सांगून ठेवलं की खिडकीवर आलं की नाव सांगायचं आणि चिठ्ठी वाचायची. कुणी कधी चुकला नाही. पूर्वीचे साहेबही जाणून होते.

"वाचून दिलं तर मी चुकत नाही साहेब. वस्तू हाताला माहीत आहे. डोळे मिटून काढतो. मिटून काय, तसेच आहेत ते. घरी बसलो की मी आंधळा. इथं बसलो की आबा. दोन वर्षं दोन महिने राहिलेत. तेवढे काढू द्या."

या क्षणी मी काय करायला हवं होतं हे मला आता पाठ आहे. पेटी काढून टाकायला हवी होती आणि ताईंना परत पाठवायला हवं होतं. हे दोन्ही आदेश माझ्याच सहीचे होते, वर कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, "असं असेल तर लेखी द्या."

माझा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझ्या हिशेबी लेखी अर्ज म्हणजे माणसाला मिळालेलं संरक्षण. अर्ज आला की त्याचा विचार होतो, सवलत मिळते. पण ज्याला चिठ्ठी वाचता आली नाही म्हणून समोर उभं केलं, त्यालाच मी लिहून आणायला सांगितलं. ते कानाकडे बघत म्हणाले, "देतो साहेब."

अर्ज दुसऱ्या दिवशी आला. अक्षर ताईंचं. खाली आबांची सही, ओळ सोडून वर चढत गेलेली. अर्जात सगळं खरं लिहिलं होतं: दृष्टी गेली चार वर्षं अधू आहे, सहकाऱ्यांच्या मदतीने काम करतो, तरी उरलेला काळ याच जागी काम करू द्यावं ही विनंती. असा अर्ज आला की तो शेऱ्यासह मुख्य कार्यालयात पाठवायचा असतो. 'सवलत देण्यास या कार्यालयाची हरकत नाही' असा शेरा मारता आला असता. असे शेरे मी पूर्वी मारले आहेत, यापेक्षा क्षुल्लक कामांसाठी. पण ट्रक भिंतीला लागला होता. हरकत नाही म्हटलं तर उद्या जबाबदारी माझ्यावर आली असती. मी लिहिलं: 'योग्य त्या आदेशासाठी सादर.' तीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल. त्यात ना होकार असतो ना नकार, आणि लिहिणारा सुरक्षित राहतो.

योग्य तो आदेश तीन आठवड्यांत आला. वैद्यकीय तपासणी, अपात्र, सेवा समाप्त. आधार म्हणून अर्जदाराचीच कबुली.

आबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पार्टिशनपलीकडून आवाज आले. बऱ्याच दिवसांनी. हसणं, खोकणं, मध्येच तोफ.

"आबा, माझी बायको दोन दिवस बोलत नाही. काय करू?"

"मागणीचिठ्ठी दे तिला. पण इथल्या पेटीत टाकू नकोस, इथं तो माल शिल्लक नाही."

हशा झाला. माझं निमंत्रण नव्हतं, पण अधिकारी म्हणून चार शब्द बोलावेत असं वाटून मी गेलो. दारात पाऊल ठेवलं आणि सगळे गप्प झाले. तोफसुद्धा. आबा खिडकीकडे पाठ करून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "साहेब आले वाटतं."

तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं ते मला कशावरून ओळखत होते. मी कधी नाव सांगत आलो नाही, माझा आवाज त्यांच्या फारसा कानावर नव्हता. मी आलो की जी शांतता पडायची, तीच माझी खूण होती.

मी चार शब्द बोललो. काय बोललो ते आठवत नाही. 'निष्ठा' हा शब्द होता एवढं आठवतं. परतताना मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत? तुम्ही त्या दिवशी आला होतात."

"सांगायलाच आलो होतो साहेब."

"मग?"

"तुम्ही पेनाचं टोपण काढलंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "लिहिलं गेलं असतं तर आबा गेले असते. न लिहिता ऐकतील असे साहेब तुम्ही आहात का, ते मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत कधी तसं बोलणंच झालं नाही आपलं."

ऐंशी माणसांनी चार वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली. शिपायापासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना माहीत होती. पार्टिशनच्या अलीकडे बसलेल्या एकट्या मलाच माहीत नव्हती. मला त्यांनी फसवलं असं काही दिवस मी स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. कोणी सांगावं असा मी माणूसच नव्हतो, हे त्याहून सोपं उत्तर होतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना भेटून आलात?"

"जाईन," मी म्हणालो. जायला तीन वर्षं लागली.

मध्यंतरी मागणी संगणकावर गेली. फिटर आपल्या जागेवरून बटण दाबतो, नवा स्टोअरकीपर सामान ट्रॉलीत घालून पाठवतो. चांगला माणूस आहे, डोळे उत्तम आहेत. साठ्यात दरवर्षी थोडी तूट येते, ती नियमात बसते.

आता माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले आहेत. आबांची ती दोन वर्षं दोन महिनेही केव्हाच उलटून गेली. मागच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मुलगा आणि सून नोकरीला. सून सुट्टीमुळे घरात होती. तिने दार उघडलं. आबा खुर्चीत बसले होते, भिंतीकडे तोंड करून. मी मुद्दाम मोठ्याने नाव सांगितलं, हुद्दाही सांगितला.

"अरे, साहेब! बसा, बसा. सूनबाई, चहा टाक. तुमचा आवाज एवढा मोठा आहे होय?"

चहा झाला. त्यांनी एकेकाची चौकशी केली. तोफच्या मुलीचं लग्न झालं का, मिस्त्रींच्या गुडघ्याचं काय, ते दोन वेल्डर बोलतात का. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. "बरं चाललंय सगळ्यांचं," मी म्हणत राहिलो, आणि ते मान हलवत राहिले, समजूतदारपणे.

"खिडकीवर कोण असतं आता?"

"कोणी नसतं. संगणकावर मागणी येते. कोणाला यावं लागत नाही."

"मग पोरं बोलतात कुठं?"

मी कप खाली ठेवला. मग ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. घरून जुळवून नेलेली वाक्यं होती, ती सगळी विस्कटली. एवढंच म्हणालो, "आबा, तो शेरा मी वेगळा लिहायला हवा होता."

त्यांना मी आबा म्हटलं ते हे पहिल्यांदा.

"तुम्ही चूक काही लिहिलं नाही," ते म्हणाले. "तो कागद मी सुनेकडून दोनदा वाचून घेतला. एक शब्द चुकीचा नाही त्यात."

त्यांनी रागवायला हवं होतं, ते मला सोसलं असतं. मी घाईघाईने विषय बदलला. माझ्या निरोपाचा कार्यक्रम चार महिन्यांनी आहे, तुम्ही यायलाच हवं, असं म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "येईन की! पण आता जिना एकट्याला उतरवत नाही. कुणाला तरी पाठवा."

"मी स्वतः येतो न्यायला."

"तुम्ही नको साहेब." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की समजायला मला एक क्षण लागला. "तुमचा हात धरून आलो तर पोरं मोकळी बोलायची नाहीत. आणि मला दिसत तर काही नाही. मी येणार ते बोलणं ऐकायला. पोरांतल्या कुणाला तरी सांगा."

सांगतो म्हणालो. त्याला आता सहा दिवस झाले. लेखी आदेश काढला तर उद्या एक गाडी आणि एक माणूस त्यांच्या दारात उभा राहील, पण हे काम आदेशाचं नाही. रोज सकाळी मी पार्टिशनच्या अलीकडे बसतो आणि कुणाला सांगावं याचा विचार करतो. काल तोफ माझ्या दारावरून गेला. मी हाक मारणार होतो. मग लक्षात आलं की तोफ हे तर लोकांनी ठेवलेलं नाव, आणि त्याचं खरं नाव मी हजेरीपटात रोज पाहतो. पण त्यातलं कुठलं नाव घेऊन हाक मारावी, एवढीही आमची ओळख नव्हती. तोवर तो पुढे निघून गेला.